एकशे वीस पावलं

स्वयंपाकघरातल्या मांडणीवरून स्टीलच्या पाच डब्यांतले चार नाहीसे झाले, तेव्हा सुनंदाबाईंनी इकडेतिकडे चौकशी करण्यात वेळ घालवला नाही. संसाराला छत्तीस वर्षं झाली होती. त्या सरळ हॉलमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "अहो, डबे कुठायत?"

धर्मराज सबनीस पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "लपवलेत."

"का?"

"लोकांनी शोधावेत म्हणून."

सुनंदाबाई खुर्चीवर बसल्या. हे उत्तर उभ्यानं ऐकण्यासारखं नव्हतं.

झालं होतं ते असं. आदल्या वर्षी दोघं लेकीकडे, ऋताकडे, इंग्लंडला जाऊन आली. तिथे माळरानावर लोक लहान लहान पेट्या, त्यांच्या भाषेत पत्रपेट्या, लपवून ठेवतात. पेटीत एक वही, एक रबरी शिक्का. खुणेची चिठ्ठी तेवढी जाहीर करायची : अमक्या खडकापासून उत्तरेला तितकी पावलं. ज्याला पेटी सापडेल त्यानं आपला शिक्का पेटीतल्या वहीत मारायचा, पेटीतला शिक्का आपल्या वहीत मारायचा, पेटी होती तशी ठेवायची आणि घरी जायचं. बक्षीस नाही, फोटो नाही, सत्कार नाही. सुनंदाबाईंना त्या माळावर फक्त थंडी सापडली. सबनीस मात्र एका दगडाखालची पेटी उघडून बराच वेळ बसून राहिले होते.

त्याला कारण होतं. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात सबनीसांनी एकतीस वर्षं गुणवत्ता तपासणीत काढली. त्यांचा 'तपासले – ७' हा शिक्का पडल्याशिवाय एक ड्रम गेटबाहेर जात नसे. निवृत्त होताना शिक्का जमा करायचा असतो. सबनीसांनी "हरवला" असं लिहून दिलं. एकतीस वर्षांत कारखान्याशी केलेला हा एकच खोटेपणा, आणि तो मंगळसूत्राच्या जुन्या मखमली डबीत कपाटात ठेवलेला होता. निवृत्तीला चार वर्षं झाली. या चार वर्षांत सबनीसांनी पसंत केलं किंवा नापसंत केलं म्हणून कुठलीही गोष्ट थांबली नव्हती. कोथिंबिरीची जुडीसुद्धा सुनंदाबाई परस्पर घेत.

म्हणून परत आल्यावर त्यांनी चार पेट्यांची योजना आखली. प्लास्टिकचे डबे तडकतात असं प्रयोगाअंती ठरल्यामुळे स्टीलचे घेतले. झाकणाला सायकलच्या ट्यूबचं कडं बसवलं की पाणी आत जात नाही. प्रत्येक डब्यावर 'सौ. सुनंदा ध. सबनीस, वास्तुशांत, १९९८' असं कोरलेलं होतं, पण त्याचा काही त्रास होईल असं त्यांना वाटलं नाही.

"दिवाळीला मला डबे लागतात," सुनंदाबाई म्हणाल्या. "चिवडा काय तुमच्या टोपीत ठेवू?"

बरीच बोलाचाली होऊन करार झाला. वसुबारसेपर्यंत एकानं, फक्त एका माणसानं, चिठ्ठी वाचून, डबा शोधून, शिक्का मारून तो परत जागेवर ठेवला, तर तो डबा सबनीसांचा. नाहीतर चारही डबे चिवड्याआधी मांडणीवर आणि हा उद्योग बंद. त्या वेळी जानेवारी चालू होता. अंबरनाथ, बदलापूर धरून लाखो माणसं, त्यांतून एक माणूस दहा महिन्यांत सापडणं म्हणजे काहीच नाही, असं सबनीसांनी मानलं.

शेजारच्या अण्णा पाटणकरांचं मत वेगळं होतं. अण्णा मत मागायची वाट पाहत नसत.

"आत ठेवणार काय?" त्यांनी विचारलं.

"वही आणि शिक्का."

"आणि सापडल्यावर मिळणार काय?"

"सापडल्याचा आनंद."

अण्णांनी थोडा विचार केला. "सबनीस, निदान एखादं कूपन तरी ठेवा."

शिक्के करायला सबनीस उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात गेले. दुकानदार सिंधी, वयस्कर, डोळ्याला भिंग लावून बसलेला. सबनीसांनी चार पक्ष्यांची चित्रं पुढे ठेवली : खंड्या, भारद्वाज, बगळा आणि टिटवी. गोल शिक्के हवेत म्हणाले.

"गोल में संस्थेचं नाव लागतं, साईं," दुकानदार म्हणाला.

"संस्था नाही. फक्त पक्षी."

"अकेली चिड़िया गोल में नहीं जमती. उद्या कोणी विचारलं, ये किसकी चिड़िया है, तर काय सांगणार? चौकोनी घ्या. किंवा नाव द्या."

चौकोनी शिक्क्यात टिटवीचे पाय मावत नव्हते. शेवटी सबनीसांनी जागच्या जागी 'अंबरनाथ परिसर पत्रपेटी मंडळ' स्थापन केलं. अध्यक्ष, सचिव आणि सभासद ते स्वतःच होते. शिक्के इतके ठसठशीत आले की दुकानदारानं कागदावर उमटवून दाखवल्यावर सबनीस स्वतःच जरा सावरून उभे राहिले.

पहिली पेटी अंबरनाथ पश्चिमेला बागेतल्या उंबराच्या ढोलीत, दुसरी मोरिवलीत कुंपणाच्या एका जुन्या दगडी गडग्यात, तिसरी बदलापूर पूर्वेला रस्त्यावरच्या एका मोरीच्या कठड्याखाली आणि चौथी वांगणीच्या पुढे शेताडीत, जुन्या पंपघरापासून काही अंतरावर, एका दगडाच्या पोटात. चिठ्ठ्या छापून वाचनालयाच्या फळ्यावर लावल्या, सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्या. दर गुरुवारी देखभाल फेरी. डब्यात ओल आली का, शाईचा पॅड सुकला का, मुंग्या आहेत का, हे सगळं एका वेगळ्या रजिस्टरात टिपलं जाई. रविवारी ऋताचा फोन आला की ती विचारी, "बाबा, कुणाला सापडली का?" आणि सबनीस म्हणत, "प्रतिसाद हळूहळू येतोय."

पहिल्या पेटीला प्रतिसाद हळूहळू आला नाही. धो धो आला.

चूक सबनीसांचीच होती, पण ती एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची चूक होती. इंग्लंडात पेटीतली वही कोरी असते. सबनीसांना कोरी वही ठेववेना. त्यांनी पट्टी घेऊन रकाने आखले : अनुक्रमांक, दिनांक, नाव, पत्ता, मजकूर, शिक्का. अण्णा पाटणकर सकाळी बागेत फिरताना उंबराखाली दम खायला थांबले, ढोलीत काहीतरी चमकलं, डबा उघडला. आत रकान्यांचं रजिस्टर, दोरीला बांधलेलं पेन, शाईचा पॅड आणि गोल शिक्का. अशा वेळी आपल्याकडचा सुशिक्षित माणूस जे करेल तेच अण्णांनी केलं. मजकुराच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'आमच्याकडे सकाळचे पाणी कमी दाबाने येते. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' खिशातल्या कागदावर त्याची नक्कल केली आणि नकलेवर खंड्याचा शिक्का मारून घेतला. पोच मिळाली.

दुसऱ्या दिवशी फिरायला येणाऱ्या साऱ्या मंडळींना कळलं की बागेत तक्रार घेतात. रांग नाही, खिडकी नाही, जेवणाची सुट्टी नाही, आणि पोच आपली आपण मारून घ्यायची. पंधरा दिवसांत रजिस्टरात त्रेसष्ट तक्रारी जमल्या. कुत्री, गटार, वरच्या मजल्यावरचा उखळाचा आवाज. एका गृहस्थानं जावयाबद्दल लिहिलं होतं. गुरुवारच्या फेरीला सबनीसांनी रजिस्टर उघडलं आणि ते तिथेच बाकावर बसले. खुणेची चिठ्ठी वाचून आलेला त्यांत एकही नव्हता.

"अहो अण्णा, हा खेळ आहे!" ते कळवळून म्हणाले.

"मग शिक्का कशाला ठेवलात?" अण्णा म्हणाले.

दुसऱ्या पेटीचं दुखणं उलटं होतं. ती राहीचना. मोरिवलीचा तो गडगा सरस्वतीबाईंच्या परसाला लागून होता. भाजी खुडताना त्यांना डबा दिसला, त्यावरचं नाव वाचलं, आणि कुणा बाईचा चांगला डबा असा रानात पडलाय म्हणून त्यांचा जीव हळहळला. चार ठिकाणी विचारत त्या सबनीसांच्या दारात हजर झाल्या. वही आणि शिक्का पदराच्या गाठीत होते. डब्यात तांदळाच्या पापड्या होत्या.

"रिकामा कसा द्यायचा?" त्या म्हणाल्या.

सबनीसांनी आभार मानले आणि पुढच्या गुरुवारी डबा त्याच गडग्यात, जरा पलीकडे लपवला. आठ दिवसांत तो वालाच्या बिरड्यासकट परत आला. "सारका सारका हरवता कसा तुमी?" सरस्वतीबाईंनी सबनीसांना विचारलं, आणि सुनंदाबाईंकडे जरा काळजीनं पाहिलं. तिसऱ्या वेळी सबनीस डबा घेऊन निघाले तेव्हा सुनंदाबाईंनी तो हातातून काढून घेतला आणि बेसनाच्या लाडवांनी भरला. दोनदा त्यांनी दिलं, आता आपण रिकामा डबा लपवायचा, हे त्यांना पटेना. तेव्हापासून ती पेटी व्यवस्थित चालली, पण पत्रपेटी म्हणून नाही. तिच्या वहीला हळदीचे डाग पडले. एका पानावर सरस्वतीबाईंनी नातीकडून लिहवून घेतलं होतं, 'मीठ कमी होतं का कळवावे.' ही नोंद धरावी का, यावर सबनीसांनी एक अख्खी दुपार विचार केला आणि शेवटी नापास केली. चिठ्ठी वाचलेली नव्हती. शिक्का नव्हता.

तिसऱ्या पेटीचं फार सांगण्यासारखं नाही. बदलापूरला सबनीस गुरुवारी पोचले तेव्हा मोरी नव्हती. तिथे नवाकोरा काँक्रीटचा रस्ता होता आणि त्यावर ओली पोती घातली होती. चिठ्ठीतल्या खुणांनी हिशोब करून सबनीस बरोबर पेटीच्या वर जाऊन उभे राहिले. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. देखभाल रजिस्टरात त्यांनी लिहिलं, 'पेटी क्र. ३ सुस्थितीत असावी. तपासणी शक्य नाही.'

राहिली चौथी, टिटवीची. ती ओली झाली नाही, हरवली नाही, कुणी उचलली नाही. कुणाला सापडलीही नाही. खरं तर बदलापूरचं एक उत्साही जोडपं, अक्षय आणि तेजस्वी, चिठ्ठी घेऊन तिथवर गेलं होतं. अशी माणसं निघाली याचाच सबनीसांना इतका आनंद झाला की त्यांनी दाढी करून फोनजवळ बसून घेतलं. दुपारी अक्षयचा फोन आला.

"काका, पंपघरापासून मावळतीला एकशे वीस पावलं ना? इकडे शेणखताचा खड्डा आहे."

"नीट मोजा," सबनीस म्हणाले.

"दोनदा मोजली. तेजस्वीचा एक पाय पण गेला आत."

"चिठ्ठीत चूक नाही," सबनीस म्हणाले आणि त्यांचा आवाज जरा चढला. एकतीस वर्षांत त्यांच्या तपासलेल्या मालाची तक्रार आली नव्हती. पुढच्या गुरुवारी ते स्वतः वांगणीला गेले, पंपघरापासून एक एक पाऊल मोजत दगडापाशी पोचले. एकशे वीस. ना एक कमी, ना एक जास्त. तसं त्यांनी ग्रुपवर लिहिलंही. अक्षयनं त्यावर अंगठा पाठवला, पण त्यानंतर वांगणीला कुणी गेलं नाही.

आणि मग बोलावणं आलं.

ज्या कार्यालयातून आलं त्याचं नाव इथे देत नाही. कुठल्याही कार्यालयाचं घातलं तरी गोष्ट हीच राहील. तिथे लोकांनी खंड्याच्या पोचा नेऊन दाखवायला सुरुवात केली होती. 'आमच्या अमुक तारखेच्या तक्रारीचं काय झालं?' आवक रजिस्टरात अशा तक्रारी नव्हत्या, पण लोकांच्या हातात शिक्क्याचा कागद होता, आणि शिक्क्याच्या कागदापुढे कुठलंही कार्यालय क्षणभर घाबरतंच. शेवटी कुणीतरी उंबराच्या ढोलीतला डबा नेऊन टेबलावर ठेवला. त्यावर नाव होतं सौ. सुनंदा ध. सबनीस यांचं.

"म्हणजे नोटीस माझ्या नावानं आलीय?" सुनंदाबाई म्हणाल्या. त्या दिवशी जेवणात वरण नव्हतं.

खुलासा द्यायला सबनीस गेले. कीर्ती मॅडम म्हणून तिथल्या अधिकारी होत्या. त्यांनी शांतपणे डबा उघडला, रजिस्टर चाळलं आणि विचारलं, "काका, तुम्ही समांतर आवक विभाग चालवता?"

"हा छंद आहे, मॅडम."

"रकाने छान आखलेत," मॅडम म्हणाल्या. त्यात थट्टा नव्हती, आणि म्हणूनच ते सबनीसांना जास्त लागलं. "अशा आणखी किती पेट्या आहेत?"

"तीन."

"कुठे?"

सबनीस ताठ झाले. "जागा सांगता येत नाही. नियमात बसत नाही. फार तर चिठ्ठ्या देतो."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे. "कोंडाजी, या चिठ्ठ्या घ्या. पाहणी करा आणि अहवाल द्या."

कोंडाजी आवक-जावकला होते. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं, गाव वांगणीच्या अलीकडे, घरची भातशेती. बोलायचे कमी. खुलाशाला नक्कल जोडा, नकलेला ओळखपत्र जोडा, वास्तुशांतीचा पुरावा आहे का, असं करत सबनीसांना सहा वेळा जावं लागलं. दर वेळी त्या लांबलचक व्हरांड्यातून ते ऑपरेशन झालेला उजवा गुडघा सांभाळत, बेतानं पावलं टाकत जायचे, आणि दर वेळी टोकाच्या टेबलावरून कोंडाजी त्यांच्याकडे पाहत असायचे. ते पाहणं सबनीसांना खुपायचं. एकेकाळी ज्या वसाहतीच्या गेटवर लोक त्यांची वाट पाहायचे, तिथून दहा मिनिटांवर आपण आरोपीसारखे चालतो आहोत आणि एक आवकवाला आपली पावलं मोजतोय असं त्यांना वाटायचं.

वसुबारस उजाडली. स्वयंपाकघरात पोहे भाजल्याचा वास सुटला होता. मांडणीवर पाचातला उरलेला एकुलता डबा होता. सबनीस बूट घालत होते. कराराप्रमाणे वांगणीची पेटी काढून आणायची होती. आदल्या रविवारी त्यांनी ऋताला "आता बंद करावं म्हणतो" असं सांगून टाकलं होतं. सबनीसांना फार वाईट वाटत होतं. एवढ्या मोठ्या जगात एक माणूस मिळू नये याचं वाईट वाटत होतं, पण ते लाडवांच्या डब्याबद्दल चिडचिड करत होते, कारण ते सोपं होतं.

बेल वाजली. दारात कोंडाजी, काखेत डाकवही.

"पत्र हाय," ते म्हणाले. "खुलासा मान्य झाला. परकरण दप्तरी दाखल. पयली पेटी हापिसात ऱ्हाईल. संगं पाहणी अहवाल जोडलाय."

सबनीसांनी चष्मा लावला. अहवाल कोंडाजींच्या गोल अक्षरातला होता.

'पेटी क्र. २ : चिठ्ठीतल्या जागी नाही, शेजारच्या परसात आढळली. आत वही, शिक्का व बेसनाचे लाडू नग बारा. पाहणीअंती अकरा. पेटी क्र. ३ : रस्त्याखाली. तपासणी शक्य नाही. पेटी क्र. ४ : आढळली.'

सबनीसांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"चौथी सापडली?"

"सापडली ना. तिसऱ्या रविवारी सापडली. पयल्या दोन टायमाला खड्ड्यातच गेलो."

"चिठ्ठीत चूक नाही," सबनीस सवयीनं म्हणाले.

"नाय, चूक नाय," कोंडाजी म्हणाले. "दुसऱ्या टायमाला मी बांधावर बसलो आन इचार केला. एवढं रकाने आखून लिवनारा मानूस पावलं खोटी लिवनार नाय. मंग पावलं कोनाची ते बगाया पायजे. आमच्या हापिसाच्या व्हरांड्यात तुमची अट्ठेचाळीस होतात. माजी तीस. सहा येळा मोजली, अट्ठेचाळीसच. म्हंजे तुमची एकशे वीस ती माजी पंचाहत्तर. पर आकड्यावर भरोसा नको म्हनून मी तुमच्यावानीच चाललो. उजवा पाय असा जरा वडत. बराबर दगडापाशी."

आणि कोंडाजींनी दारातल्या दारात चार पावलं चालून दाखवलं. सबनीसांनी स्वतःचं चालणं असं समोरून कधी पाहिलं नव्हतं. त्यात कुठे थट्टा आहे का, ते त्यांनी शोधलं. नव्हती. त्यांनी उगाच खाली वाकून बुटाची सुटलेली नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

"डबा काढून आणलात?" खाली बघतच त्यांनी विचारलं.

"आनायचा कसा? चिठ्ठीत लिवलंय ना, परत जागेवर ठेवावा. वहीत शिक्का मारला. माज्याजवळ आवकचाच हाय, तोच मारला. चालंल ना?"

त्यांनी डाकवही उघडली. मागच्या एका पानावर खंड्या होता, त्याच्या खाली भारद्वाज, मग एक मोकळी जागा आणि 'रस्त्याखाली' अशी नोंद. तळाला टिटवी, दोन्ही पायांसकट, एक रेघ न फिसकटता उमटलेली.

स्वयंपाकघरातून झाऱ्याचा आवाज थांबला होता. "चिठ्ठी वाचून, शोधून, शिक्का मारून, परत ठेवून," सुनंदाबाई आतूनच म्हणाल्या. "तो डबा तुमचा."

"पत्र मिळाल्याची सही द्या, सायेब," कोंडाजींनी वही पुढे केली.

"थांबा," म्हणून सबनीस आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग मखमली डबीचं टिचकन वाजलेलं झाकण. बाहेर येऊन त्यांनी शिक्क्यावर तोंडाची वाफ दिली, पॅडवर दोनदा टेकवला आणि सहीच्या रकान्यात, अगदी मधोमध, 'तपासले – ७' उमटवला. चार वर्षांत पहिल्यांदा. मग खाली सही केली, तारीख घातली आणि शाई वाळेपर्यंत वही हातातून सोडली नाही.

कोंडाजींनी शिक्का निरखून पाहिला. "पास ना?"

"पास," सबनीस म्हणाले.

तेवढ्यात सुनंदाबाई बाहेर आल्या. मांडणीवरचा शेवटचा डबा त्यांच्या हातात होता, गरम चिवड्यानं भरलेला. कोंडाजी संकोचले. दिवाळीचे दिवस, घरात हा एकच डबा दिसतोय, ते कागदात बांधून द्या म्हणाले. सुनंदाबाईंनी ऐकलं नाही.

"बरं. डबा कदी आनून देऊ?" कोंडाजींनी विचारलं.

"आणू नका," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुमच्या गावात कुठेतरी लपवा आणि ह्यांना चिठ्ठी पाठवा. पावलं मात्र तुमची घाला. डॉक्टरांनी ह्यांना पाऊल लांब टाका म्हणून सांगितलंय."